चा, ची, चे

नोटीस कुरिअरने आली
केळीच्या गाड्या भरायच्या वेळी,
आणि लीलाधरमामाने ती ग्रीसच्या हातांनी उघडली,
म्हणून पहिल्या पानावर त्याची सही आहे
साडेनऊ बोटांची.
उरलेलं अर्धं एका मोटारीच्या पंख्याने
केव्हाच नेलं.

इंग्रजी होती. मी वाचून दाखवली.
नीरध्वज पंप्स. नोंदणीकृत व्यापारचिन्ह.
ग्राहकांचा गोंधळ होण्याची शक्यता.
सदर डोमेन पंधरा दिवसांत आमच्या हवाली करावं.
"डोमेन म्हंजे ती पाटी ना,
तू मोबाइलात लावलेली?"
हो. मीच लावली होती,
आठशे नव्याण्णव रुपये वर्षाला:
नीरध्वजरिपेअरसावदा, मग टिंब, मग कॉम.

"मी काय चोरलं व पोरी?
बावीस वर्षं त्यांचीच मोटर उघडतो.
बेअरिंग कुठून रडतं
ते त्यांच्या इंजिनीअरला तरी कळतं का?
गाव मला निरधजवाला म्हणतं.
पुतणीच्या पत्रिकेत तेच छापलं,
खाली कंसात लीलाधर."

जळगावला वकील नेहेतेबाईंनी
चष्मा पुसत पुसत सांगितलं:
आत लिहा खुशाल,
की आम्ही नीरध्वजचे पंप दुरुस्त करतो.
दारावर नको.
दारावर लिहिलं की घर त्यांचं वाटतं.
आणि हो, भांडायचं असेल तर भांडू,
पण माझी फी तुमच्या दुकानाहून मोठी होईल.
मामा हसला. फक्त तिथेच हसला.

परतीच्या बसमध्ये मला
आमचे व्याकरणाचे भारंबे सर आठवले.
षष्ठी पाठ करून घ्यायचे, चा, ची, चे,
पट्टीने बाकावर ताल धरून.
केवढंसं अक्षर,
पण तेच सांगतं बैल कुणाचा आणि दावं कुणाचं.
त्या पत्त्यात शब्दांना श्वास घ्यायला जागा नसते,
सगळे एकमेकांना खेटून उभे
जत्रेतल्या फोटोत असतात तसे,
त्यात जावई कोण, कळत नाही.

पण खरं सांगू?
चा बसला असता तिथे. मीच गाळला.
लोक शोधतात ते नाव मला हवं होतं,
उघडंबोडकं,
दुसऱ्याच्या दिव्यात आपलं दुकान दिसावं म्हणून.

भुसावळच्या अलीकडेच मामाला डुलकी लागली होती,
तापीच्या पुलावर तो जागा झाला
आणि खिडकीकडे बघत बोलला,
"बऱ्हाणपूरची ती बाई आठवते?
कंपनीतून बोलताय ना, म्हणाली.
मी हो म्हटलं नाही.
नाही पण नाही म्हटलं.
गेलो. बाराशे घेतले."
पंप वॉरंटीत होता.
खाली नदीत वाळू जास्त, पाणी कमी.
मी तिकिटाची घडी घातली, उलगडली, परत घातली.

पाटी देऊन टाकली आम्ही.
नवी घेतली: साडेनऊबोटं डॉट इन.
मामा आधी लाजला, मग त्याने
कपाटावर तेच खडूने लिहून पाहिलं.
दोन महिने फोन मेला होता.
शोधणारे आता कंपनीच्याच दारात जात होते,
आणि गावाचं तोंड काही नोटीस घेत नाही,
ते अजून निरधजवालाच म्हणतं.

परवा चिनावलहून कोणीतरी,
मागे इंजिनाचा धडधडाट,
"हॅलो, निरधज का?"
मामा जरा थांबला.
"निरधजचा नाही भो.
सावद्याचा. बोला."

एवढं बोलून तो कामाला लागला.
संध्याकाळी मात्र दुकान झाडून झालं
की जुन्या बिलबुकातला एक नंबर लावतो, बऱ्हाणपूरचा.
लागत नाही.
बाराशे रुपये रबराने बांधून
कपॅसिटरच्या डब्यात ठेवलेत.